कडब्याची गंजी आणि तैलरंग

रेडिओवरून चित्रकलेविषयी बोलायचे म्हणजे जरा अवघडच काम. गवयाचे बरे असते, तो गाऊन दाखवतो. मला मात्र तुम्हाला काहीच दाखवता येत नाही. आणि भाषण पुस्तिकेत छापून तुमच्या हाती आले, तरी यात चित्र नाहीच. पण एक गोष्ट माझ्या सोयीची आहे. ज्या चित्रांविषयी मी सांगणार आहे, त्यांचे विषय तुमच्या दारापुढेच उभे आहेत. वाचता वाचता मान वर करून बाहेर पाहिलंत की झालं.

शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या वर्गात मुलांना नुसते ‘निसर्गचित्र काढा’ असे सांगून पाहा. काय येईल ते मी आजच सांगतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, डोंगरातून सरळ खाली आलेली नदी, काठावर झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचे झाड. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावी मी पाचवीच्या मुलांना चित्र काढायला सांगितले होते. जिकडे पाहावे तिकडे सपाट जमीन, नारळाची बाग कुणी पाहिलेली नाही. तरी बहुतेक वह्यांत हेच चित्र. गावाबाहेरचे बाभळीचे बन, कडब्याची गंजी, कापसाने भरलेली बंडी यांतले काहीच नाही. मुलांचा यात दोष नाही. चित्र म्हणजे पाहायची गोष्ट नसून पाठ करायची गोष्ट आहे, असे आपणच त्यांना शिकवत आलो.

आज मी ज्या चित्रपद्धतीची ओळख करून देणार आहे, तिचा सगळा भर ‘पाठ केलेले विसरा आणि डोळ्यांनी पाहा’ यावर आहे. इंग्रजीत तिला इम्प्रेशनिझम म्हणतात. मराठीत पंडितांनी ‘दृक्‌प्रत्ययवाद’ असा शब्द घडवला आहे. शब्द जड आहे, पण अर्थ साधा आहे. विशिष्ट वेळी, विशिष्ट उजेडात, एखादी जागा डोळ्यांना जशी जाणवली तशी ती रंगवणे. वस्तू काय आहे हे आपल्याला ठाऊक असते. ती या क्षणी कशी दिसते आहे, हे पाहावे लागते. या दोहोंतला फरक कळला की निम्मे काम झाले.

ही पद्धत फ्रान्समध्ये रुजली. क्लोद मोने, पिसारो, रेन्वार, सिस्ले वगैरे चित्रकार खोलीतून बाहेर पडले आणि नदीकाठी, शेतात, रस्त्यावर उभे राहून चित्रे रंगवू लागले. 1874 साली त्यांनी पॅरिसमध्ये स्वतंत्र प्रदर्शन भरवले. त्यात मोनेचे एका बंदरातल्या पहाटेचे चित्र होते आणि त्याला त्याने ‘इम्प्रेशन’, म्हणजे ठसा किंवा प्रत्यय, असे नाव दिले होते. एका टीकाकाराने तोच शब्द पकडून सगळ्यांची टर उडवली. चेष्टेचे ते नाव पुढे मानाचे झाले.

हे लोक बाहेर पडू शकले याचे एक कारण अगदी व्यवहारातले आहे. पूर्वी रंग घोटून तेलात कालवून ठेवावे लागत आणि बाहेर न्यायचे तर जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावे लागत. 1841 साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने दाबता येणारी कथलाची नळी शोधून काढली. आज आपण जिच्यातून दंतमंजन काढतो तिचीच ही थोरली बहीण. या नळीने रंग खिशात मावू लागला आणि चित्रकार वावरात जाऊ लागला.

आता मोनेचीच एक गोष्ट ऐका. ती शेतकऱ्याला लवकर पटेल. जिव्हेर्नी या खेड्यात त्याचे घर होते. घराजवळच्या शेतात गव्हाच्या पेंढ्यांच्या गंज्या रचलेल्या असत. आपल्याकडे कणसे खुडून घेतल्यावर उरलेल्या कडब्याची गंजी होते. तिकडे मळणी व्हायची असलेल्या गव्हाची, कणसासकट रचलेली असे. 1890 च्या शेवटी आणि 1891 मध्ये मोनेने या गंज्यांची सुमारे पंचवीस चित्रे काढली. विषय तोच, फरक फक्त वेळेचा. सकाळची गंजी, भर दुपारची, मावळतीची, धुक्यातली, बर्फ पडल्यानंतरची. उजेड पालटला की तो हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घेई. एखाद्याला वाटेल, एकाच गंजीची पंचवीस चित्रे काढून मिळाले काय? मिळाले ते असे: रंग गंजीचा नसतो, गंजीवर पडलेल्या उजेडाचा असतो, हे जगाला दिसले. यातलेच एक चित्र 2019 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 11 कोटी डॉलरांहून अधिक किमतीला गेले. पैशाची गोष्ट सोडून द्या. पण ज्या गंजीवरून आपली नजर रोज घसरून जाते, तिच्यात पाहण्यासारखे किती असते, एवढे यावरून समजावे.

हे सगळे दूरदेशीचे झाले, आपल्याकडे काय? मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झाले. तिथे 1880 च्या दशकात शिकून गेलेले कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या तळ्याकाठी राहून तिथले पाणी, झाडे, सकाळ-संध्याकाळ रंगवली. शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेला हा फकीर वृत्तीचा माणूस 1931 साली वारला. ऊन आणि हवा पकडण्याची त्याची धडपड पाहिली की मोनेच्या कुळाची आठवण होते. पुढे 1930 च्या दशकाच्या अखेरीस वॉल्टर लँगहॅमर नावाचा व्हिएन्नाचा चित्रकार नाझींच्या छळापासून वाचून मुंबईला आला. दाट, उजळ रंग बेधडक कसे लावावेत, हे त्याच्याकडे पाहून मुंबईचे तरुण शिकले.

त्या तरुणांत एक आपल्या जिल्ह्याचा होता, हे मात्र आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. हरी अंबादास गाडे. जन्म 1917, गाव तळेगाव दशासर. होय, शंकरपटाचे तळेगाव! विज्ञानाचा पदवीधर, काही काळ शिक्षक, नागपूरच्या कलाशाळेत शिकलेला. 1947 साली मुंबईत सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे यांच्याबरोबर ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन करणाऱ्या सहांपैकी एक. गाडे यांनी सुरुवात निसर्गचित्रांपासूनच केली. आधी जलरंग, मग तैलरंग. पुढे घरे, टेकड्या, झाडे यांतला तपशील गाळत गाळत ते नुसत्या रंगांच्या रचनेपर्यंत पोचले आणि देशातल्या पहिल्या अमूर्त चित्रकारांत गणले गेले. 2001 साली ते वारले. त्यांना दृक्‌प्रत्ययवादी म्हणणे बरोबर होणार नाही. पण रंगावर एवढा भरवसा ठेवणारा माणूस वऱ्हाडच्या मातीत जन्मला, हे शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहे.

आता सामानाकडे वळू. तैलरंग म्हणजे श्रीमंतांचा छंद, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी. जरा विचार करा, चित्र कशाचे बनते? कॅनव्हास म्हणजे कापड, तो कापसाचाही चालतो. रंग ज्यात घोटतात ते तेल जवसाचे. कापूस आणि जवस दोन्ही विदर्भाच्या शेतातले! तिसरे टर्पेंटाईन, ते चीडवृक्षाच्या राळेपासून निघते, तेवढे हिमालयाकडून येऊ द्या. रंगांची भुकटी पाहिली तर यलो ऑकर म्हणजे पिवळी माती, भिंतीला लावायच्या पिवडीचीच जात. अल्ट्रामरीन निळा म्हणजे धोब्याच्या निळीचाच भाऊ. पूर्वी हा निळा अफगाणिस्तानातल्या एका मौल्यवान दगडापासून काढत आणि सोन्याच्या भावाने विकत. फ्रान्समध्ये 1828 च्या सुमारास तो कारखान्यात तयार करण्याची रीत सापडली आणि तो गरिबाच्या आवाक्यात आला.

नवशिक्याने विद्यार्थ्यांसाठीचे स्वस्त रंग घ्यावेत आणि सातच घ्यावेत. टिटॅनियम व्हाइट हा पांढरा, त्याची नळी मोठी घ्या. कॅडमियम यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियनसारखा तांबडा, क्रिमसन म्हणजे किरमिजी, अल्ट्रामरीन निळा आणि व्हिरिडियन हिरवा. काळा घेऊच नका. गडद रंग हवा असेल तर किरमिजी आणि व्हिरिडियन मिसळा. काळ्याहून खोल आणि जिवंत असा अंधार मिळेल. मोनेच्या मंडळींनीही काळा जवळजवळ सोडून दिला होता. ब्रश राठ केसांचे, चपटे, तीन पुरेत: एक बोटभर रुंद, एक त्याच्या निम्मा, एक बारीक.

कॅनव्हास विकत न घेता घरी करता येतो. लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून ठोका, सरसाचा पातळ हात द्या, वाळल्यावर पांढऱ्या प्रायमरचे दोन हात द्या. सरस कशाला? तेल थेट कापडाला लागले तर काही वर्षांत धागा कुजतो. सरस म्हणजे धाग्याला घातलेले चिलखत. हेही नको असेल तर हार्डबोर्डचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन त्यावर प्रायमर द्या. आकार लहान ठेवा, दहा इंच बाय बारा इंच. त्याचे कारण पुढे सांगतो.

सामान झाले. आता वावरात चला.

विषय साधा निवडा. एक गंजी, मागे झाडांची रांग, वर आभाळ. सूर्य बाजूला असताना उभे राहा, म्हणजे एक अंग उजळ आणि एक सावलीत असे स्पष्ट दिसेल. भर दुपारी सावल्या पायाखाली लपतात. वैशाखात तर दुपारी बाहेर उभे राहणेच नको. सकाळचे सात ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतरचा वेळ सोन्यासारखा. कॅनव्हासवर मात्र ऊन पडू देऊ नका. उन्हात रंग फार उजळ दिसतो, आपण तो गडद करत जातो आणि घरी आणल्यावर चित्र काळवंडलेले निघते. छत्री लावा, पण रंगीत नको; तांबड्या छत्रीखाली सगळे चित्र तांबडे भासेल.

पुठ्ठ्याला आगपेटीएवढी खिडकी कापा आणि तिच्यातून पाहा. काय घ्यायचे, काय सोडायचे ते ठरेल. आपला मुलूख सपाट, आभाळ मोठे. तेव्हा क्षितिज मधोमध न ठेवता खाली ठेवा आणि आभाळाला भरपूर जागा द्या.

मग डोळे किलकिले करा. ही या विद्येची किल्ली आहे. डोळे अर्धे मिटले की पाने, काड्या, ढेकळे नाहीशी होतात आणि चार-पाच मोठे तुकडे तेवढे उरतात: आभाळ, झाडांची रांग, गंजीचे उजळ अंग, तिचे सावलीतले अंग आणि जमीन. सगळ्यांत उजळ कोणता, सगळ्यांत गडद कोणता, मधले कोणते, हे मनात नक्की करा. हे चुकले तर पुढे कितीही सुंदर रंग लावा, चित्र उभे राहत नाही.

पेन्सिल नको. टर्पेंटाईनमध्ये पातळ केलेल्या निळ्याने चार रेषा ओढा. मग हेच चार-पाच तुकडे पातळ रंगाने भरून टाका, म्हणजे कॅनव्हासचा पांढरेपणा डोळ्यांत खुपणार नाही. दहा मिनिटांत सगळी जागा झाकली गेली पाहिजे. एका कोपऱ्यात पानन्‌पान रंगवत बसून बाकीचा कॅनव्हास कोरा ठेवणे ही नवशिक्याची जुनी खोड. वावर पेरताना आपण एक तास पुरा उगवेपर्यंत दुसरा पेरायचा थांबतो का?

यानंतर खरे रंग. तबकडीवर दोन, फार तर तीन रंग मिसळा. चार-पाच मिसळले की चिखल होतो. हिरवा नळीतून थेट लावू नका. समोरचा कडुनिंब नीट पाहा: उन्हाकडे पिवळट, आत निळसर, कुठे कोवळ्या पालवीचा तांबूस. निळा आणि पिवळा पूर्ण घोटून एक हिरवा करण्यापेक्षा निळसर आणि पिवळसर फटकारे शेजारी शेजारी ठेवा. चार पावले मागे सरा, ते डोळ्यांत आपोआप मिसळतील आणि झाड हलल्यासारखे वाटेल. ब्रश टेकवा, उचला आणि सोडून द्या. तोच फटकारा पाच वेळा चोळला की त्याचा जीव जातो.

सावलीचे रंग हा आजच्या भाषणाचा गाभा. सावली काळी असते, असे आपण पाठ केले आहे. चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतीवर सकाळी आपल्या हाताची सावली पाडून पाहा. ती निळसर दिसेल. कारण साधे आहे. सावलीच्या जागी सूर्याचा थेट उजेड पोचत नाही, पण निळ्या आभाळाचा उजेड पोचतो. शिवाय सकाळ-संध्याकाळचे ऊन पिवळे असते आणि पिवळ्याशेजारी करडा रंगही निळा भासतो. एका रंगामुळे शेजारचा रंग कसा पालटतो, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केला आणि 1839 साली तो ग्रंथरूपाने छापला. गालिचे विणण्याच्या कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. तिथे काळ्या रंगाविषयी तक्रारी येत. त्याने तपासून पाहिले, तर दोष रंगात नव्हता, शेजाऱ्यात होता. आपल्या वरूड-मोर्शीच्या बागेत संत्रे एवढे पेटल्यासारखे का दिसते? त्याच्याभोवतीची पाने निळसर हिरवी असतात म्हणून. टोपलीत काढल्यावर तेच संत्रे अर्धे विझते.

दूरचे डोंगर निळे का, त्याचे उत्तरही असेच. परतवाड्याकडे जाताना गाविलगडचे डोंगर दुरून निळे असतात, जवळ गेलो की हिरवे-तांबूस होतात. मधली हवा निळा उजेड विखुरते, तिचाच तो पडदा. म्हणून दूरचे रंग फिके आणि थंड ठेवा, कडा मऊ ठेवा. जवळचे उबदार आणि ठसठशीत. मैलभर अंतर नुसत्या रंगाने दाखवता येते.

आता लहान कॅनव्हासचे कारण. सकाळचा तोच उजेड फार तर पाऊण तास टिकतो. सूर्य काही आपल्यासाठी थांबत नाही. एवढ्या वेळात भरून होईल एवढाच आकार घ्यावा. पुरे झाले नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी या. दहा वाजताच्या उन्हात सातच्या सावल्या दुरुस्त करू लागलात, तर चित्रात दोन सूर्य उगवतील.

तैलरंगाचा एक कायदा आहे: खाली पातळ, वर तेलकट. पहिला थर टर्पेंटाईनचा, वरचे थर तेलाचे. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. खालचा थर तेलकट आणि वरचा पातळ झाला, तर वरचा आधी वाळून ताणला जातो आणि उन्हाळ्यातल्या काळ्या वावरासारख्या भेगा पडतात. चित्र हाताला कोरडे लागायला काही दिवस जातात. आतून पुरे वाळायला महिने लागतात. व्हार्निशची घाई करू नये.

आणि एक धोक्याची सूचना, ती कृपा करून हसण्यावारी नेऊ नका. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवा शोषून घेताना उष्णता निघते; बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ज्यांच्या घराला लागून कडब्याची गंजी आहे, त्यांना याहून जास्त सांगायला नको. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळू द्या, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाईन बंद खोलीत वापरू नका आणि रंगाचे हात धुतल्याशिवाय घास घेऊ नका.

एवढे सगळे मी सांगतो आहे, पण मी चित्रकार नव्हे. कॉलेजात इतिहास शिकवणारा माणूस. अडतिसाव्या वर्षी एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांच्या नादाने ब्रश हाती धरला. पहिले चित्र केले ते आमच्याच वावराचे. काळी माती म्हणून काळा रंग ओतला, कापूस म्हणून शुद्ध पांढरे ठिपके दिले आणि मोठ्या हौसेने वडिलांना दाखवले. वडिलांचे वय पंचाहत्तरीच्या घरात, सारा जन्म त्याच मातीत गेलेला. त्यांनी चित्र दूर धरून पाहिले आणि म्हणाले, “हे वावर आपलं नोहे, बापू. हे कोयसा सांडल्यावानी दिसते.” मग खाली वाकून त्यांनी एक ढेकूळ उचलले, तळहातावर चुरले आणि माझ्यापुढे धरले. “पाय, हे काया हाय का?”

मी पाहिले. ते तपकिरी होते, राखी होते, तुटलेल्या कडेला जांभळट होते. पावसानंतर तीच माती निळसर होते, चैत्रात फिकी करडी. मातीला काळी म्हणतात, म्हणून मी चाळीस वर्षे तिला काळी पाहत आलो होतो. नाव पाहिले होते. माती पाहिलीच नव्हती.

पुढे मास्तरांच्या धाकाने शिकत गेलो आणि एका संध्याकाळी आमच्या गंजीची सावली निळी-जांभळी रंगवली. ती मात्र वडिलांना मुळीच पटली नाही. “सावली कदी निळी असते का गा? नीळ सांडली का इथं?” मी शेव्रल सांगितला, आभाळाचा उजेड सांगितला. त्यांनी मान हलवली आणि उठून बैलांकडे गेले.

त्यानंतर वर्षभराने त्यांच्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते आणि निळा उजेड आत पोचू देत नाही. खुद्द मोनेला हाच विकार होता. त्याच्या त्या काळातल्या चित्रांत तांबडा-पिवळा फार वाढला. 1923 साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्याने ऑपरेशन करून घेतले, तेव्हा कुठे निळा पुन्हा दिसू लागला. वडिलांना हे काही मी सांगितले नव्हते. पट्टी सुटल्यावर आठ-पंधरा दिवसांनी ते संध्याकाळी ओट्यावर बसले होते. समोर गंजी, तिच्यावर मावळते ऊन. बराच वेळ गप्प होते. मग मला हाक मारून म्हणाले, “तुह्या चित्रात निळं जरासक जास्तच हाय.” थोडे थांबून म्हणाले, “पन हाय.”

आजवर माझ्या चित्राला मिळालेले हेच एक प्रशस्तिपत्र. त्यात माझी चूकही सांगितली होती आणि ती बरोबर होती. घरी जाऊन मी चित्र पुन्हा पाहिले. निळे खरेच जास्त होते. पुस्तकात वाचलेली निळी सावली मी रंगवली होती, आमच्या गंजीची नव्हे. काळी माती पाठ करणे जसे वाईट, तशी निळी सावली पाठ करणेही वाईटच. नियम आपल्याला कुठे पाहावे एवढे सांगतो. काय दिसते ते ज्याचे त्यानेच पाहायचे.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटचे चार शब्द तुमच्यासाठी. शाळेत तैलरंग परवडणार नाहीत, त्यांची गरजही नाही. मेणाचे खडू पुरे. डबीतून काळा खडू काढून घ्या. मुलांना शाळेच्या आवारातले एकच झाड तीन वेळा काढायला सांगा: प्रार्थनेच्या वेळी, मधल्या सुटीत आणि शाळा सुटताना. सावली कुठे होती, कुठे गेली, झाडाचा हिरवा केव्हा पिवळा झाला, हे त्यांना बोलू द्या. आणखी एक खेळ सांगतो. पांढऱ्या कागदावर कुंकवाचा मोठा ठिपका लावा, मुलांना अर्धा मिनिट त्याच्याकडे एकटक पाहू द्या आणि मग नजर कोऱ्या कागदावर न्यायला सांगा. तिथे निळसर हिरवा ठिपका तरंगताना दिसेल. तांबड्याचा जोडीदार हिरवा, हे व्याख्यान न देता कळते. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुले बसवा, जरूर बसवा. पण दोन डोंगरांतला सूर्य ज्या दिवशी एखाद्या वहीतून नाहीसा होईल आणि त्या जागी गावची बाभूळ येईल, त्या दिवशी त्या मुलाला मनातल्या मनात पहिला नंबर देऊन टाका.

आणि शेतकरी बंधूंनो, तुम्ही ब्रश हाती धरा अगर धरू नका. उद्या सकाळी वावरात गेलात की बंडी सोडण्याआधी घडीभर थांबा. गंजीच्या मागे जा, तिची सावली पाहा. ती काळी आहे, निळी आहे की आणखी कसली, ते मी सांगणार नाही. तुमच्याच डोळ्यांना विचारा.